डिमेन्शियाचं माणूस घरात असतं, तेव्हा सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. मूळ बोलणं मिहानमधल्या आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, शुक्रवारी जेवणानंतर झालं. वीस-बावीस जण होते. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवलेत, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. बी.टेक. झालेला, तुमच्यासारखाच तिकिटं क्लोज करणारा माणूस आहे. पण गेली तीन वर्षं आमच्या घरी आजीला डिमेन्शिया आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बाबा एका दुकानाचा हिशोब बघतात, ताई पुण्याला, आणि मी रोज खापरीच्या मेट्रोनं इथे येतो. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यातलं वैद्यकीय ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. घरातलं जे आहे, ते आम्ही रोज करून राहिलो.

हा विषय ऑफिसमध्ये कशाला, असं कुणाला वाटेल. तर गंमत अशी, की मी कॅन्टीनमध्ये एकदा सहज आजीचं बोललो आणि एका टेबलावरच्या सहा जणांपैकी तिघांनी सांगितलं, "आमच्याकडे पण." एकाचे आजोबा यवतमाळला, एकीच्या सासूबाई इथेच मनीषनगरला, एकाचे वडील, तेही फक्त बासष्ट वर्षांचे. कुणी आधी बोललं नव्हतं. आपल्याकडे बीपी-शुगरबद्दल माणसं लग्नाच्या पंगतीत बोलतात, पण "आई विसरते, रात्री उठून दार उघडते" हे शेजाऱ्यालाही सांगत नाहीत.

म्हातारचळ नाही, आजार आहे

जर्मनीतल्या फ्रँकफर्टला १९०१ मध्ये आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरकडे ऑगस्टे नावाची एक पन्नाशीची बाई दाखल झाली होती. तिला स्वतःचं नाव लिहिताना मध्येच विसर पडायचा, नवऱ्यावर विनाकारण संशय यायचा. ती गेल्यावर त्यानं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ मध्ये सहकारी डॉक्टरांपुढे मांडणी केली, की हा नुसता स्वभावाचा बिघाड नाही, मेंदूत प्रत्यक्ष बदल झालेत. म्हणजे या गोष्टीला शंभरावर वर्षं होऊन गेली. आपण मात्र अजून "वय झालं, चालायचंच" म्हणतो.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. ताप जसा बऱ्याच कारणांनी येतो, तसं हे. अल्झायमर हे सर्वांत मोठं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या त्रासानं होणारा प्रकार दुसरा. काहींमध्ये दोन्ही एकत्र असतात. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये याचं प्रमाण साधारण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये प्रमाण जास्त दिसलं. "हे शहरी, श्रीमंतांचं दुखणं" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

यातली बहुतेक माणसं कुठे आहेत? घरी. वृद्धाश्रम बहुतेक ठिकाणी अशा माणसाला घेतच नाहीत, आणि घेतलं तरी घरच्यांचं मन होत नाही. त्यामुळे आपल्याकडे डिमेन्शियाची देखभाल म्हणजे घरच, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा एक बाई. सून, मुलगी किंवा बायको.

आधी तपासून घ्या

विसरभोळेपणा दिसला की लगेच डिमेन्शियाचा शिक्का मारू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांनीही माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. घरचा डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, असा रस्ता धरा. आपल्या तर बाजूलाच एम्स आहे. जाताना आजी-आजोबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, अगदी शेजारणीनं दिलेल्यासुद्धा.

आणि एक फरक नीट लक्षात ठेवा. डिमेन्शिया महिन्या-महिन्यानं, वर्षा-वर्षानं वाढतो. काल बरं बोलणारं माणूस आज सकाळी एकदम बरळायला लागलं, ओळखेना, किंवा दिवसभर गुंगीतच राहिलं, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. ते लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, असं काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. आमच्या आजीला गेल्या मे महिन्यात असंच झालं. इन्फेक्शन निघालं, औषध सुरू झालं, आठवड्यात ती पुन्हा तिच्या नेहमीच्या पातळीवर आली. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागली हे कळत नाही, कळलं तरी मागता येत नाही. त्यामुळे एप्रिल ते जून आमच्याकडे दर दोन तासांनी पाणी, ताक किंवा पन्हं, आणि भिंतीवर टिकमार्क.

गोव्यानं काय करून दाखवलं

आता मला ज्या गोष्टीसाठी आज बोलायचं होतं, ती. मी सवयीनं शोधायला लागलो, की घरी देखभाल करणाऱ्यांसाठी आपल्यासारख्या ठिकाणी नेमकं काय उपयोगी पडतं, कुणी मोजलंय का? अमेरिकेतलं, युरोपातलं भरपूर सापडतं. तिथल्या सोयी वेगळ्या, घरं वेगळी. जगभरातल्या संशोधकांचा एक गट आहे, त्याचं नावच "१०/६६". अर्थ असा, की डिमेन्शियाचे ६६ टक्के, म्हणजे दोन तृतीयांश रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत, पण लोकांमध्ये जाऊन केलेल्या संशोधनापैकी १० टक्केसुद्धा तिथलं नाही.

याच प्रवाहातला एक प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, २००८ मध्ये "प्लॉस वन" या नियतकालिकात छापून आला. डिमेन्शियाचं माणूस घरी असलेली ८१ कुटुंबं घेतली. चिठ्ठी टाकल्यासारखी त्यांची दोन गटांत वाटणी केली. ४१ कुटुंबांकडे सहा महिने एक "होम केअर ॲडव्हायजर" घरी यायचा. हे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती, आणि त्यांच्या मागे एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. ते घरी येऊन काय करायचे? आजार समजावून सांगायचे. आंघोळीला नकार, संशय, रात्रीचं जागरण, यावर काय करता येईल ते बोलायचे. घरातल्या बाकीच्यांनी हात लावावा म्हणून त्यांच्याशी बोलायचे. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी आणि औषध. उरलेल्या ४० कुटुंबांना माहिती दिली गेली आणि सहा महिन्यांनी हीच सेवा मिळेल असं सांगितलं गेलं.

निकाल काय लागला? ज्यांच्या घरी माणूस येत होतं, तिथल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मोजून बघता येईल इतकं सुधारलं. रुग्णाच्या वागण्यामुळे त्यांना होणारा त्रासही कमी झाला. रुग्णाच्या वागण्यातल्या अडचणींची तीव्रता किंवा त्याची रोजची कामं करण्याची क्षमता यांत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. आणि आजार किती गंभीर आहे हेही या अभ्यासात दिसतं. त्या सहा महिन्यांत ८१ पैकी १८ रुग्ण दगावले.

मला यातून दोन गोष्टी कळल्या. एक, माहिती दोन्ही गटांना मिळाली होती. फरक पडला तो दारात येऊन "तुमचं कसं चाललंय" विचारणाऱ्या माणसानं. म्हणजे फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ फॉरवर्ड करून आपलं काम होत नाही. दोन, आजार तिथेच राहूनही सांभाळणाऱ्याचा त्रास कमी होऊ शकतो. आजार बरा करायचं औषध आज आपल्या हातात नाही. डोनेपेझिल, मेमॅन्टिनसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो, तेवढंच. पण सांभाळणाऱ्याचं दुःख कमी करणं आपल्या हातात आहे, आणि ते स्वस्तही आहे.

आमच्या घरातली ड्युटी

आजीचं निदान झालं तेव्हा नातेवाइकांचा एकच सल्ला होता: "सुनेनं आता व्हीआरएस घ्यावी." सगळ्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. आईची नोकरीची नऊ वर्षं बाकी होती. मुलांमध्ये ती खुलते, शाळा तिचा श्वास आहे. हा प्रश्न फक्त पगाराचा नव्हता. चोवीस तास आजीबरोबर घरात राहून आईचं काय होईल, हा होता. कुणी बाबांना नोकरी सोडायला सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही.

आम्ही एका रविवारी बसलो आणि आपण ऑफिसात ऑन-कॉल लावतो तशी यादी केली. आजीला दिवसभरात काय काय लागतं? उठवणं, संडास, आंघोळ, तीन जेवणं, गोळ्या, पाणी, फिरणं, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक कामासमोर नाव. आईच्या नावासमोर सोळा कामं होती, माझ्यासमोर "गोळ्या आणणे". कागदावर दिसलं की वाद कमी होतो.

आता व्यवस्था अशी आहे. दिवसा बारा तास एक मावशी येतात. रात्री सोम ते गुरू मी, शुक्र-शनि बाबा, रविवारी आई. ताई पुण्याहून दोन कामं करते: रोज संध्याकाळी साडेसहाला आजीला व्हिडिओ कॉल, आणि सगळा हिशोब, डॉक्टरची तारीख, मावशींचा पगार. लांब असलेल्यांना काम देता येत नाही हे खरं नाही. "काही लागलं तर सांगा" हे काम नव्हे. ज्याच्यावर आधीच भार आहे, त्यालाच आणखी एक काम लागतं, काय लागतं ते शोधून सांगायचं.

रात्रपाळीबद्दल मुलांना, म्हणजे पुरुषांना, एक सांगतो. आजीला संडासला नेणं, कपडे बदलणं मला जमतं. मावशींनी शिकवलं. पहिल्यांदा आजी लाजली, मग एका रात्री म्हणाली, "तू कोनाचा पोरगा वं? लय चांगला हायेस." नातू म्हणून ओळखलं नाही, पण हात ओळखीचा वाटला. आईला मात्र त्यामुळे आठवड्यातून सहा रात्री सलग झोप मिळते. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरांना भागाकार शिकवायचा असतो तिला.

मावशी म्हणजे सामान नाही

पगारी देखभालीबद्दल स्पष्ट बोलू. खर्च आहे. आमच्याकडे तो फ्लॅटच्या हप्त्याच्या जवळपास जातो. सगळ्यांना परवडत नाही हे मला माहीत आहे. पण परवडत असेल, तर नीट करा.

पहिली एजन्सी, नाव घेत नाही, दर आठ-दहा दिवसांनी नवीन बाई पाठवायची. आजी रोज नव्या चेहऱ्याला घाबरायची. "ट्रेंड नर्स" म्हणून पैसे घेतले, आणि एका बाईंना डिमेन्शिया हा शब्दच कुणी सांगितलेला नव्हता. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांना सकाळी पत्ता दिला आणि पाठवून दिलं. म्हणून ठरवताना हे विचारा: हीच व्यक्ती किती महिने राहील? सुट्टीच्या दिवशी कोण येणार? आधी अशा रुग्णाचं काम केलंय का? आणि पगारातले किती पैसे त्यांच्या हातात पडतात? नर्स आणि अटेंडंट यांतला फरकही समजून घ्या. नळी, इंजेक्शन, जखम नसेल तर नर्स लागतेच असं नाही. संयम असलेली, आपली बोली बोलणारी बाई लागते. आत्ताच्या मावशी वरुडकडच्या आहेत. आजीच्या माहेरच्या गावाचं नाव काढलं, की दोघींच्या संत्र्याच्या बगीच्याच्या गोष्टी सुरू.

मावशींसाठी आम्ही एक पान लिहिलं. आजीला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कुठल्या नावानं हाक मारली की वळते, आंघोळ कधी सोपी जाते. सकाळ-संध्याकाळ एका वहीत दोन ओळी: खाल्लं किती, पोट साफ झालं का, मूड कसा. डॉक्टरांकडे गेलो की ती वहीच जास्त बोलते.

आणि चोरीचा आळ. हा प्रत्येक घरात येणारच आहे, म्हणून आधीच तयारी करा. आजी एका दुपारी ओरडायला लागली, "माह्या पाटल्या चोरल्या हिनं!" मावशी रडायला लागल्या, निघून जाते म्हणाल्या. पाटल्या निदानाच्या आठवड्यातच लॉकरमध्ये ठेवल्या होत्या, फोटो आणि यादी मावशींना पहिल्याच दिवशी दाखवली होती. त्यामुळे आईला फक्त एवढंच म्हणावं लागलं, "मावशी, बसा, चहा घ्या, तुमच्यावर कुणाचा संशय नाही." स्वतःच ठेवलेली वस्तू आठवत नाही, मग मेंदू कारण शोधतो, आणि जवळचं माणूस चोर ठरतं. हा आजाराचा भाग आहे. पण बारा तास काम करून घरी जाणाऱ्या बाईच्या इज्जतीचा प्रश्न त्याहून लहान नाही.

"मले घरी जाचं हाय"

संध्याकाळी पाच वाजले की आजी पिशवी भरते. "मले घरी जाचं हाय." ती घरातच असते. आधी "हेच तुझं घर" असं शंभरदा समजावून लोक थकतात. वाद घालून डिमेन्शियात कुणी जिंकलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, घर म्हणजे पत्ता नाही, घर म्हणजे धीर. मग आम्ही विचारतो, "घरी कोण आहे गं?" ती सांगते. गाय, बाप, विहीर. मग "चहा घेऊन निघू", आणि चहानंतर गल्लीत एक चक्कर. लाइट पाचच्या आधीच लावायचे, कारण तिन्हीसांजेच्या अंधारात गोंधळ वाढतो. हाताला काम द्यायचं. आजी तूर निवडते, वाती वळते, हिवाळ्यात मटार सोलते. वाती वाकड्या होतात. चालतंय.

आंघोळीला नाही म्हणाली तर अर्ध्या तासानं परत. गरम पाणी आधी हातावर, मग पायावर, डोक्यावर एकदम नाही. एका वेळी एकच वाक्य. आणि शांत करायच्या गोळ्या स्वतःहून किंवा मेडिकलवाल्याला विचारून कधीच नको. मनोविकारावरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टर मोजून-मापून आणि थोड्या काळासाठी देतात.

आपलं तंत्रज्ञान

इंजिनिअर म्हटल्यावर सगळे विचारतात, ॲप कोणतं? सगळ्यात उपयोगी पडलेल्या वस्तू सांगतो. दाराला घंटा. संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. मोठे आकडे आणि वार असलेलं घड्याळ. आणि परकरच्या खिशात नाव-फोनची चिठ्ठी. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा "अस्तु" पाहिला असेल. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित गाडीत बसलेले असतात आणि हत्तीच्या मागे निघून जातात. विद्वत्ता सगळी शाबूत, पत्ता मात्र नाही. भटकणं असंच, दोन मिनिटांत होतं. जीपीएसचं लॉकेट असेल तर छान, पण चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.

कॅमेरा आम्ही हॉलमध्ये लावलाय, मावशींना सांगून. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये नाही. आणि कॅमेऱ्यात बघत बसणं म्हणजे देखभाल नव्हे.

कागद आणि फोन नंबर

हे निदानानंतर लगेच करा, माणसाला समजतंय, सही करता येतेय तोवर, आणि त्याच्या इच्छेनं: बँकेत संयुक्त खातं, सगळीकडे वारसाचं नामांकन, मृत्युपत्र. साध्या मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली, की ते संपतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली आपल्या वतीनं उपचाराबद्दल बोलणारा प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. वकिलाचा एक तास घ्या.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होण्याचा खर्च २०२४ पासून मिळतो. कार्ड काढून ठेवा. मात्र घरच्या मावशींचा पगार त्यात येत नाही. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. आणि सांभाळणाऱ्याचं मन भरून आलं तर टेली मानस, १४४१६. तो नंबर तुमच्यासाठी आहे, आजीसाठी नाही.

शेवटी ऑफिसचं. बाळंतपणाच्या रजेला आपल्याकडे १९६१ पासून कायदा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या देखभालीसाठी खासगी नोकरीत तशी हक्काची रजा नाही. ती मॅनेजरच्या मनावर आहे. मी माझ्या लीडला स्पष्ट सांगितलं: सोम ते गुरू माझी रात्रपाळी घरी असते, सकाळी दहाच्या आधी मीटिंग नको. दोन मिनिटांचं बोलणं होतं. समोर बसलेल्यांपैकी जे कुणी लीड आहेत, त्यांनी आपल्या टीमला विचारून बघा, कुणाच्या घरी असं कुणी आहे का. मुलींनाच नाही, मुलांनाही विचारा.

आणि बाकी सगळ्यांना एकच काम. गोव्यात जे माणूस घरी यायचं, ते आपल्या नागपुरात सध्या तरी सरकार पाठवत नाही. ते आपणच व्हायचंय. तुमच्या नात्यात, बिल्डिंगमध्ये असं एक घर नक्की आहे. या पंधरवड्यात तिथे जा, डबा घेऊन जा. रुग्णाची चौकशी नंतर करा. आधी त्या बाईला विचारा, "काल झोप किती झाली?" आणि मग दोन तास तिथे बसा, तिला बाहेर जाऊ द्या. तिला भाजी आणायची नाही, फक्त बाहेर जायचंय.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात डॉक्टरांना बसवून उत्तरं घेऊ. येतो मग, बारा मिनिटांनी स्टँड-अप आहे.